कोपरभर खोल पुरलेल्या बियांची कहाणी

ऐक गे गौराई, तुझ्या फुलांची कहाणी. बायांनो, अक्षता मुठीत धरा, लेकरं मांडीवर घ्या, आणि मधे हुंकार द्यायला विसरू नका.

सुनेचं पहिलं बी कोपरभर खोल पुरावं, असा एका नगरात नेम होता. का पुरावं ते विचारू नये, हाही नेमच होता. नगर नांदतं होतं. पेठ भरलेली, पाटाला पाणी, दारोदारी तुळस. तिथं राजाचा एक कारभारी राहत असे. त्याला बायको होती, दोन मुलगे होते, दोन सुना होत्या. थोरलीचं नाव द्वारका, धाकटीचं नाव गोमती. थोरली बोलायची नाही, धाकटी गप्प बसायची नाही.

नेम कसा होता, तो ऐका. नवी सून घरात आली की ज्येष्ठात तुळशीपुढं वाफा करायचा. वाफ्यात खड्डा खणायचा. खड्डा केवढा, तर सासूनं हात आत घालावा, बोटं तळाला टेकावीत आणि कोपर काठाला लागावं, एवढा. सुनेनं त्यात फुलाचं बी सोडावं, वर माती लोटावी, पायानं दाबावी, वर भरली घागर उपडी करावी. मग भादव्यात गौरी येतात. गौरी येईतो वाफा फुलला तर सून घरात मुरली म्हणायचं. नाही फुलला तर सुकत्या हाताची म्हणायचं. असं तीनदा बघायचं. तिसऱ्यांदाही वाफा ओसाड राहिला तर सुनेला माहेरी धाडायचं आणि मुलाला दुसरी बायको करायची. बी खोल गेलं की सून खोल रुजते, असं वडीलधारी माणसं सांगत. बी खोल गेलं की बी मरतं, हे कुणी सांगत नसे.

द्वारका बिनआईची पोर. मामीच्या घरी वाढलेली, सांगितलं ते करणारी. पहिल्या वर्षी सासूनं तिच्या हातात झेंडूचं बी दिलं. आता झेंडू म्हणजे काय मोठं अवघड फूल आहे, बायांनो? निर्माल्यातला हार कुठं फेकला तर तिथं उगवतो. पण द्वारकेनं तो कोपरभर खाली पुरला, पायानं दाबला, वर घागर ओतली. झेंडू आला नाही. दुसऱ्या वर्षी गुलबक्षीचं बी दिलं. गुलबक्षी एकदा कुंपणाला लागली की काढू म्हणता निघत नाही. द्वारकेनं तीही कोपरभर खाली पुरली, पायानं दाबली, वर घागर ओतली. गुलबक्षी आली नाही.

मग सासू म्हणाली, हात सुकता आहे. शेजारीण म्हणाली, हात सुकता आहे. नवरा काहीच म्हणाला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. मग तिनं विरजण लावायचं नाही असं ठरलं. मग तिनं लोणच्याच्या बरणीत हात घालायचा नाही असं ठरलं. मग कुणाचं डोहाळजेवण असलं की तिनं माजघरातच बसायचं असं ठरलं. कूस तशी आणि हातही तसाच, असं सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, आणि द्वारका दोन्ही हात पदराखाली घेऊन ऐके.

तिसऱ्या वर्षी गोमती लग्न होऊन आली. तिच्या बापानं तिला मुलांबरोबर पाठशाळेत बसवली होती. ती तिथं गणित शिकली, काव्य शिकली, वाद घालायला शिकली. सासरी पहिल्या दोहोंना कुणी विचारलं नाही.

ज्येष्ठ लागला. सासूनं दोन्ही सुनांना हाक मारली. तुळशीच्या उजव्या अंगाला थोरलीचा वाफा, डाव्या अंगाला धाकटीचा. यंदा दोघींना तेरडा. तेरड्याचं बी गोमतीनं तळहातावर घेतलं. मोहरीपेक्षा थोडं मोठं, तपकिरी. तिनं ते बघितलं, खड्डा बघितला, पुन्हा बी बघितलं.

मग ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, एवढंसं बी इतकं खाली का पुरायचं?"

"पुरतात."

"पुरतात ते दिसतंय. पण का?"

"माझ्या सासूनं माझ्याकडून पुरून घेतलं, मी पुरलं. तूही पूर. का म्हणणाऱ्या सुना दुसऱ्या घरी असतात."

मग ती सासऱ्याकडे गेली. कारभारी झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होता. गोमती म्हणाली, "मामंजी, राजाच्या शेतात जोंधळा किती खोल पेरतात?"

"दोन बोटं. फार तर तीन."

"मग जोंधळ्याहून बारीक तेरडा कोपरभर का?"

कारभाऱ्याचा अडकित्ता थांबला. त्यानं थोडा वेळ खरंच विचार केला. मग म्हणाला, "जोंधळा पोटासाठी असतो, मुली. हा नेम आहे. पोटाला लागतं ते नीट पेरावं लागतं. नेमाचं तसं नसतं." आणि पुन्हा सुपारी कातरू लागला.

मग ती भटजींकडे गेली. भटजी वाफ्यावर मंत्र म्हणायला आले होते.

"शास्त्रात आहे," भटजी म्हणाले.

"कुठल्या शास्त्रात?"

"तू वाचलं नाहीस अशा."

"नाव सांगा, वाचते."

"बायकांनी वाचू नये अशा शास्त्रात आहे ते. म्हणून तर सांगतोय, विचारू नये."

गोमतीच्या कानशिलाची शीर उडू लागली. पण द्वारका तिच्याकडे अशा नजरेनं बघत होती, की आज भांडू नकोस, आज माझा शेवटचा वाफा आहे. मग गोमतीनं ओठ दातांखाली दाबला. दोघींनी बी सोडलं, माती लोटली, पायानं दाबली. द्वारकेनं तर इतकं मनापासून दाबलं की वरून बैल गेला तरी ठसा उठला नसता. मग घागरी ओतल्या. सासूनं हात धुतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "थोरले, तुझ्या भावाला निरोप धाडलाय. गौरी येतात त्या दिवशी ये म्हटलंय. वाफा फुलला तर जेवून जाईल. नाही फुलला तर तुला घेऊन जाईल."

दिवस गेले. वाफे दोन्ही जसेच्या तसे. वर एक पापुद्रा धरला आणि तो तडकला, एवढंच. द्वारका रोज सकाळी वाफ्यापुढं बसे, रोज हात जोडे, रोज घागर ओती.

एके दिवशी गोमती निर्माल्य टाकायला परसात गेली. गोठ्यामागं निर्माल्याचा ढीग होता. बघते तर ढिगाच्या कडेला झेंडूची रोपं. एक नाही, दोन नाही, गर्दी. कुणी खड्डा खणला नव्हता. कुणी मंत्र म्हटला नव्हता. देवाच्या गळ्यातला वाळका हार कुणी भिरकावला होता, त्यातलं बी मातीला लागलं होतं, वर दोन पानं पडली होती, बस.

गोमती तिथंच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मनात म्हणाली, उकिरड्याला जे कळतं ते आमच्या घरात कुणाला कळू नये?

मग तिच्या मनात दुसरं आलं. नगरात इतक्या सुना मुरल्या. त्यांचं बी कोपरभर खालून वर आलं तरी कसं? मग तिनं पदर खोचला आणि विचारायला निघाली.

पहिल्यांदा वैद्याच्या सुनेकडे गेली. "तुमचा वाफा कसा फुलला हो?"

"गौराईची कृपा," वैद्याची सून म्हणाली, आणि डोळे चुकवून तांदूळ पाखडू लागली.

मग सराफाच्या सुनेकडे गेली. "तुमचा वाफा कसा फुलला हो?"

सराफाच्या सुनेनं दार लोटून घेतलं. "कुणाला सांगू नकोस हं. पाठवणीच्या वेळी आईनं पदराच्या गाठीत जास्तीचं बी बांधून दिलं होतं. दुपारी सगळी आडवी झाली, की वाफ्यावर चिमूटभर भुरभुरायचं आणि वर माती चाळायची. खालचं कुठलं येतंय, बाई. वरचंच येतं."

मग ज्योतिष्याच्या सुनेकडे गेली. "तुम्हालाही आईनं वरचं बी दिलं होतं का हो?" ती तर खो खो हसली. "मला आईनं नव्हे, सासूनंच दिलं. खड्डा बुजवला, पाणी घातलं, आणि म्हणाल्या, आता मी पाठ करून उभी राहते, तोवर काय करायचं ते करून घे. अगं, तुला कुणी सांगितलं नाही?"

"म्हणजे हे सगळ्यांना ठाऊक आहे?"

"सगळ्यांना."

"तरी नेम आहे?"

"नेम आहे म्हणून तर लपवायचं. नेम नसता तर लपवायला कशाला लागलं असतं?"

गोमतीला वाटलं आपलं डोकं आता उलून पडेल. ती म्हणाली, "आणि आमच्या जाऊबाई? दोन वर्षं त्यांना अख्खं नगर सुकती म्हणतंय. तुम्हीही म्हणालात. मी ऐकलंय."

ज्योतिष्याच्या सुनेचं हसू विझलं. "आम्हाला काय ठाऊक तिला माहीत नाही ते," ती पुटपुटली. "बिनआईची. तिच्या सासूनं सांगायला हवं होतं."

मग गोमती तरातरा घरी आली. द्वारका भाकरी थापत होती. गोमतीनं तिला सगळं सांगितलं. वैद्याच्या सुनेचं सांगितलं, सराफाच्या सुनेचं सांगितलं, ज्योतिष्याच्या सुनेचं सांगितलं. तव्यावरची भाकरी करपली तरी द्वारकेनं उलटली नाही.

मग ती हळूच म्हणाली, "गोमू, म्हणजे माझ्या हातात दोष नाही?"

"हातात कुठला दोष? याच हातानं सकाळपासून घरभराच्या भाकरी फुगल्यात. दोष खड्ड्यात आहे, जाऊबाई. दोष आहे तो न बोलणाऱ्यांत. दोन वर्षं तुम्हीसुद्धा एका शब्दानं विचारलं नाहीत, त्याचाही थोडा आहे."

"आता काय करायचं?"

"माझ्याकडे तेरड्याचं बी उरलंय. दुपारी सगळी निजली की तुमच्या वाफ्यावर टाकते. गौरींना फुलं येतील, तुमचा भाऊ जेवून जाईल."

द्वारकेनं करपलेली भाकरी उतरवली. ती बाजूला ठेवली. मग म्हणाली, "नको."

"नको?"

"दोन वर्षं मी गौराईपुढं खाली मान घालून उभी राहिले. आता चोरीचं फूल घेऊन मान वर केली, तर ती खरी वर होईल का? एक तर माझ्या हातानं उगवू दे, नाही तर जाऊ दे मला."

गोमतीनं कपाळावर हात मारला. "अहो, गाव सगळं लबाड आणि तुम्ही एकट्या खऱ्या. तुमच्या या खरेपणानं माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. नेम मूर्ख आहे हे कळलं, तरी त्याच्याशी इमान राखायचं?"

"नेमाशी नाही. तिच्याशी." द्वारकेनं देवघराकडे मान केली.

मग गोमती विचार करती झाली. मग म्हणाली, "बरं. चोरून नाही. उघड. परसात, निर्माल्याच्या ढिगाशेजारी, भर सकाळी, सगळ्यांदेखत. पण पेरायचं तुम्ही. मी नुसती ओरडणार."

मग द्वारकेनं विचारलं, "फुलाचं बी पेरावं कसं?"

मग गोमती वसा सांगती झाली. बायांनो, हा वसा नीट ऐका, नुसता हुंकार देऊ नका. सकाळचं ऊन पडेल अशी जागा बघावी. ढेकळं फोडावीत, माती हातानं चाळावी, जुन्या शेणखताची ओंजळ मिसळावी. पहिल्यानं पेरणारीनं अवघड फुलाच्या नादी लागू नये. झेंडू घ्यावा, गुलबक्षी घ्यावी, तेरडा घ्यावा, ही फुलं माणसाचे अपराध पोटात घालतात. बी जेवढं जाड, तेवढीच त्यावर माती, थोडी अधिक झाली तर चालेल. गुलबक्षीला बोटाचं पेर. झेंडूला नखभर. तेरड्याला नुसती भुरभुर. पाणी हातानं शिंपडावं, घागर ओतू नये. रोज उकरून बघू नये. दाटी झाली तर दुबळी रोपं उपटावीत, हळहळत बसू नये. आणि शेवटचं फूल देवाला काय, कुणालाच देऊ नये. ते झाडावर वाळू द्यावं, त्यातलं बी पुढच्या वर्षाला धरावं.

द्वारकेनं वसा घेतला. घेतला खरा, पण मोडायला लागली ती पहिल्या दिवसापासून.

पेरून झालं आणि तिनं सवयीनं घागर उचलली. गोमती ओरडली, "ठेवा ती खाली." दुसऱ्या सकाळी गोमती बघते तर द्वारका काडीनं माती उकरतेय. "काय करताय?" "जिवंत आहे का बघते." "झोपेतून उठवून जिवंत आहेस का विचारलं तर तुम्हाला आवडेल का?" मग द्वारकेनं काडी टाकली. पण त्यानंतर ती वाफ्याशी अशी बसे, की बी लाजून बाहेर यायचं नाही.

सासूनं हे सगळं मागच्या दारातून बघितलं. म्हणाली, "उकिरड्यावर काय मातीत खेळायचं ते खेळा. नेमाचा वाफा पुढं आहे, तो फुलला तर फुलला." आणि आत गेली. तिची समजूत अशी, की धाकटी शिकलेली आहे, तिनं आपल्या वाफ्यावर केव्हाच चिमूट टाकली असेल.

काही दिवस गेले. एके सकाळी गोमतीला परसातून हाक आली. "गोमू." आवाज असा, की गोमती हातातलं ताट तसंच घेऊन धावली. द्वारका वाफ्यापुढं गुडघे टेकून बसली होती. झेंडूनं मातीचा कण डोक्यावर घेतला होता आणि त्याखालून हिरवा वाक निघाला होता. शेजारी दुसरा. पलीकडे तेरड्याची जाडजूड दोन पानं. द्वारकेनं दोन्ही हात पदराबाहेर काढले होते, मातीनं भरलेले, आणि ती झाडांकडे बघत नव्हती, हातांकडे बघत होती.

गोमतीला काहीतरी कडक बोलायचं होतं. पण ती ताट घेऊन तशीच उभी राहिली.

मग दाटी झाली. गोमती म्हणाली, उपटा. द्वारका म्हणाली, मी नाही. गोमती म्हणाली, एका वितीत इतकी उभी राहिली तर सगळीच किडकिडी होतील. द्वारका म्हणाली, इतक्या वर्षांनी उगवलंय आणि तू उपटायला सांगतेस, तुझ्या जिवाला काही वाटतं का? गोमती म्हणाली, वाटतं, म्हणून तर सांगते. मग द्वारकेनं डोळे मिटून उपटली, आणि उपटलेली फेकवेनात म्हणून कुंपणाला नेऊन लावली. ती तिथंही लागली. सांगितलं ना, ही फुलं अपराध पोटात घालतात.

श्रावण गेला, भादवा आला. परसात तेरडा फांदीफांदीला फुलला, गुलाबी, पांढरा, जांभळा. झेंडू पिवळाधमक झाला. गुलबक्षी दिवेलागणीला उमलू लागली. आणि तुळशीपुढं दोन वाफे, दोन्ही ओसाड. ना थोरलीचा फुलला, ना धाकटीचा.

गौरी यायचा दिवस उजाडला. द्वारकेचा भाऊ सकाळीच येऊन ओसरीवर बसला. त्याला कुणी पाणी विचारलं, कुणी विचारलं नाही. द्वारकेचं बोचकं बांधून दाराशी ठेवलं होतं. सासूनं दोन्ही वाफे बघितले आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. थोरलीचं तिला ठाऊक होतं. पण धाकटीचाही वाफा कोरडा?

"धाकटे," ती गोमतीच्या कानाशी आली, "तू वर टाकलं नाहीस?"

"काय टाकायचं होतं, आत्याबाई?"

सासूनं दाराकडे बघितलं. बायका यायची वेळ झाली. एका घरात दोन सुना सुकत्या हाताच्या निघाल्या तर नगर काय म्हणेल? दोन सुना सुकत्या, की सासूच सुकती? मग तिची नजर मागच्या दारातून परसात गेली. तिथं रंगांची दंगल उडालेली.

मग ती भराभर बोलू लागली. "ऐका दोघी. मी काही हिची वैरीण नाही. परसातली झाडं मुळासकट उचला. दोन्ही वाफ्यांत रोवा, वर पाणी मारा. बायका यायला अजून अवकाश आहे. कुणाला कळायचं नाही. फुलं वाफ्यात आली म्हणू. भाऊ जेवून जाईल, बोचकं सुटेल, नेमही राहील."

कारभारी म्हणाला, "शहाणपणाचं आहे." भटजी म्हणाले, "आपद्धर्म आहे. शास्त्रात आहे."

गोमतीनं दाराशी ठेवलेल्या बोचक्याकडे बघितलं. एक होय म्हणायचं. खुरपं हातात घ्यायचं. द्वारका आजपासून मुरलेली सून, उद्यापासून विरजण लावायला मोकळी. आणि एक नाही म्हटलं, तर ते बोचकं उचललं जाणार होतं, तिच्यामुळं. गोमतीची जीभ पहिल्यांदाच जड झाली. तिनं द्वारकेकडे बघितलं.

द्वारका म्हणाली, "आत्याबाई, फुललेला तेरडा उपटून रोवला तर दुपारपर्यंत मान टाकतो."

"टाकू दे. पूजा तेवढ्यात होईल."

"आणि तो सुकला की पुन्हा माझ्याच हाताला नाव येईल. ही झाडं मी पेरलीत. मी ती उपटणार नाही."

इतक्या वर्षांत द्वारकेनं सासूला दिलेलं हे पहिलं उत्तर होतं. सासूनं गोमतीकडे मोर्चा वळवला. "तू तरी ऐक. ही भोळी आहे. तू शिकलेली आहेस. हिला घालवायचंय का तुला?"

एवढ्यात अंगणात बायका आल्या. वैद्याकडच्या, सराफाकडच्या, ज्योतिष्याकडच्या, सासवाही आणि सुनाही. गौर हातात घेऊन उंबऱ्याशी थांबल्या. त्यांनी ओसाड वाफे बघितले आणि कुजबुज सुरू झाली. थोरली गेली म्हणायची. धाकटीही तसलीच. भरल्या घराची काय दशा.

गोमतीची जीभ सुटली.

"मी रोवणार नाही, आत्याबाई," ती म्हणाली, आणि हळू म्हणाली नाही. "ही फुलं परसातली आहेत. जाऊबाईंनी निर्माल्याच्या ढिगाशेजारी पेरलीत, नखभर मातीत, तुमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तुळशीपुढं काही आलेलं नाही, कारण कोपरभर खालून काही येत नसतं. हे तुम्हाला ठाऊक आहे."

"धाकटे, बायका उभ्या आहेत."

"बरं झालं. मला त्यांनाच विचारायचंय." ती अंगणात उतरली. "जिचं बी कोपरभर खालून वर आलं, तिनं हातातल्या गौरीची शपथ घेऊन सांगावं. एकीनं सांगितलं तरी पुरे. जाऊबाईंचं बोचकं मी माझ्या डोक्यावर घेते आणि त्यांना माहेरी पोचवून येते."

वैद्याची सून हातातल्या गौरीकडे बघू लागली. सराफाच्या सुनेनं डोळे मिटले. सराफाच्या म्हातारीनं नुसता घसा खाकरला. ज्योतिष्याची सासू नेहमीच्या सवयीनं पाठ करून उभी राहायला निघाली होती, ती अर्ध्यात थांबली.

मग गोमती वळली. "आत्याबाई, तुमचं आलं होतं?"

सासूचे ओठ हलले. तिला काय आठवलं ते तिचं तिला ठाऊक. तिनं कारभाऱ्याकडे बघितलं. कारभाऱ्यानं भटजींकडे बघितलं. भटजी पोथीचं पान उलटून बघू लागले, मग दुसरं उलटून बघू लागले.

"मग ऐका," गोमती म्हणाली. "जाऊबाई कुठं जाणार नाहीत. आणि पुढच्या ज्येष्ठात या नगरात कुणाचीही सून येवो, त्या खड्ड्यावर मी उभी राहणार. मी तो खणणार नाही, खणू देणार नाही, आणि वर चिमूट टाकून लपवूही देणार नाही. का, ते मला विचारा. मी सांगेन. विचारू नये असं म्हणणार नाही."

कुणी विचारलं नाही. म्हाताऱ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. मग द्वारका परसात गेली, तेरड्याची ओंजळ भरून आणली, सगळ्यांच्या मधून उंबऱ्यापर्यंत आली आणि आपल्या हातानं गौरीला वाहिली. तिला कुणी अडवलं नाही. मग तिनं दाराशी ठेवलेलं बोचकं उचललं, घरात नेलं, सोडलं, आणि लुगडी एकेक करून दांडीवर टाकली. ओसरीवरचा भाऊ उठला आणि जेवायला म्हणून हातपाय धुऊ लागला.

गौराई, द्वारकेच्या हाताला यश आलं तसं शिकाऊ हातांना येवो. तिचं घर तिला राहिलं तसं ज्याचं त्याला राहो. ऐकणारीच्या दारी झेंडू येवो, सांगणारीच्या दारी गुलबक्षी येवो, आणि दोघींना का म्हणायची बुद्धी होवो. कोपरभर लांबीची कहाणी नखभर मातीत पेरली, ती रुजली, फुलली, बी धरून पुरी झाली.